हिरवी फुंकर

पहिली पाळी सुटली होती, पण घरी कोणी गेलं नव्हतं. कारखान्याच्या कँटीनमध्ये साठ-सत्तर माणसं एकमेकांच्या खांद्यावरून माना उंच करून बघत होती. टेबलावर काचेचा ग्लास, ग्लासात जांभळं पाणी, आणि त्यात बुडवलेल्या वाकड्या मानेच्या प्लॅस्टिकच्या नळीतून आमचा गोदामवाला जीव तोडून फुंकत होता.

"फुंका साहेब, लाजू नका! पोटाच्या तळापासून फुंका!" पांढऱ्या कोटातला माणूस ओरडत होता. "यकृत बोलतंय, त्याला बोलू द्या!"

बुडबुडे उठत होते. ग्लासाच्या तळाशी आधी निळसर ढग दिसला, मग तो वर चढला, आणि बघता बघता सगळं पाणी हिरवं झालं, साचलेल्या डबक्यासारखं. गोदामवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"हे... हे माझ्यातून आलं?"

"मग काय माझ्यातून?" कोटवाला म्हणाला. "बारा वर्षांचं विष आहे हे. रंगावरून कळतं."

"मला तर चौदा वर्षं झाली इथे लागून," गोदामवाला पुटपुटला.

"तेच म्हणतोय मी. चौदा." कोटवाल्याने पापणीही हलवली नाही. मग त्याने दुसरा ग्लास घेतला, तेच जांभळं पाणी ओतलं, बॅगेतून स्वतःसाठी एक नळी काढली आणि फुंकली. पाणी लालचुटुक झालं. "आणि हे शुद्ध यकृत. चाळीस दिवसांचा कोर्स केलेलं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या वाजवणाऱ्यांत मी होतो, पहिल्या रांगेत होतो. दुसऱ्यांच्या मूर्खपणावर हसावं म्हणून ही हकीकत लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकतो.

मी या कारखान्याचा रंगमास्तर. आमच्याकडे कापड रंगवतात. हौदातलं पाणी आंबट आहे की सोड्याचं, हे कागदाच्या पट्टीने बघायचं, कारण त्यावर रंग बसतो किंवा फसतो. पट्टी आंबटात लाल होते, सोड्यात हिरवी-निळी. हे काम मी दिवसातून वीस वेळा करतो, आणि सव्वीस वर्षं करतोय. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे माझी लायकी कळेल.

त्या गर्दीला दोष देऊन चालणार नाही. महिन्याभरापूर्वी कंपनीने सगळ्यांची तपासणी केली होती, आणि निम्म्या लोकांच्या सोनोग्राफीच्या कागदावर एकच ओळ आली होती: फॅटी लिव्हर. यकृतात चरबी साठलेली. आमच्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी एकेकाला बसवून सांगितलं होतं, "रोज चाला, वजन उतरवा, गोड पेयं सोडा, दारू सोडा, सहा महिन्यांनी परत दाखवा." पण सहा महिने चालायचं म्हणजे काय गंमत आहे का? आम्हाला काहीतरी पुडीत बांधून हवं होतं, आणि पुडी घेऊन कोटवाला दारात उभा राहिला.

पुडीत जांभळी भुकटी होती. "बेरी नावाच्या फळांतलं पॉलिफिनॉल आणि त्याच्या जोडीला प्रीबायोटिक फायबर," तो सांगायचा. "पॉलिफिनॉल म्हणजे झाडू, फायबर म्हणजे सुपली. एकाने लोटायचं, दुसऱ्याने भरायचं. यकृत म्हणजे तुमचं स्वयंपाकघर. किती वर्षं झाडलं नाही, सांगा बघू?" बायका लाजून हसायच्या आणि नाव नोंदवायच्या.

माझा थोरला भाऊ, दादा, याच कारखान्यात धुलाईच्या मशीनवर. त्याला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, सकाळ-संध्याकाळ गोळ्या असतात. त्याच्याही कागदावर ती ओळ होती. त्याने तिथेच मला कोपरखळी मारली. "काय रे, रंग तुझ्या खात्यातला. हा भुकटीत कारखान्यातलाच रंग कालवून विकत नसेल ना? बघ जरा."

मी म्हटलं, बघतो.

आमच्या धंद्यात फळाचा रंग आणि रसायनाचा रंग ओळखायची एक जुनी रीत आहे. लोकरीचा पांढरा धागा त्या पाण्यात थोडं आम्ल घालून उकळायचा आणि मग खळखळून धुवायचा. रसायनाचा रंग धाग्याला घट्ट धरून बसतो, फळाचा बराचसा निघून जातो. मी माझ्या टेबलावर तीन धागे उकळले. तिन्ही धुतल्यावर फिकट पडले. रंग फळाचाच होता. कोटवाला त्या बाबतीत खरं बोलत होता.

त्याच वेळी आणखी एक गोष्ट घडली. ती मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. तिच्याकडे पुढे वळतो.

दुसऱ्या दिवशी मी कँटीनच्या बाकावर चढलो आणि जाहीर केलं, "मी तपासलंय. फळाचाच रंग आहे, भेसळ नाही." कोटवाल्याने मला मिठी मारली. "बघा! तुमच्या घरचाच शास्त्रज्ञ सांगतोय!" त्याने मला असा काही हरभऱ्याच्या झाडावर चढवला की खालची जमीन दिसेना. माझ्या खिशाला त्याने 'यकृतमित्र' असा गोल बिल्ला लावला आणि एक खोका फुकट दिला. तो बिल्ला मी घरी जातानाही काढला नाही. रस्त्यात दोघांनी विचारलं, तर थांबून समजावून सांगितलं.

आता पोट आणि पुडी यांची गंमत. एवढं फायबर एकदम पोटात गेलं की पोट गुरगुरणारच. सगळा कारखाना गुरगुरत होता. कोटवाला म्हणायचा, "चरबी सुटतेय, तिचा आवाज." शौचाला काळपट झालं तर विष निघालं. भूक लागेना, तर यकृत विश्रांती घेतंय. भूक लागली, तर जागं झालंय. या माणसाच्या शास्त्रात वाईट लक्षण नावाची चीजच नव्हती. आणि एक वाक्य तो प्रत्येकाच्या कानाजवळ जाऊन सांगायचा: "बाकीच्या गोळ्या शक्यतो बंद. यकृतावर दुहेरी ओझं नको."

त्या रविवारी मी दादाकडे गेलो. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या, हातात दादाच्या गोळ्यांचा डबा. सात खणांचा, वारांची नावं लिहिलेला. तो दर रविवारी त्याच भरायच्या.

"भाऊजी, हे म्हणतात की गोळ्या बंद करायच्या. मला काही ते बरं वाटत नाही. तुम्ही तपासलंय म्हणे ते सगळं. चालेल ना?"

मी रंग तपासला होता, फक्त रंग. दादाच्या साखरेचं मला काय ठाऊक? दोन शब्द पुरे होते, मला माहीत नाही. पण बिल्ला खिशाला होता, वहिनी पहिल्यांदाच मला एखाद्या मोठ्या माणसासारखं विचारत होत्या, आणि दादा आतून ओरडला, "अगं, त्याने तपासलंय ना? मग झालं!"

"चालेल वहिनी," मी म्हणालो. "चाळीस दिवसांचा तर प्रश्न आहे."

त्यांनी रिकामा डबा फडताळात वर ठेवला. फडताळाचं दार लावल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

तिसऱ्या आठवड्यात दादा तांब्यावर तांब्या पाणी पिऊ लागला. दर अर्ध्या तासाला बाहेर. कोटवाला म्हणाला, "आतून धुलाई चाललीय. तुम्ही स्वतः धुलाईवाले, तुम्हाला काय सांगायचं!" सगळे हसले, दादाही. वजन उतरलं, तर शाबासकी मिळाली. ओल्या बुटाने पायाच्या अंगठ्याजवळ फोड आला. तो चिघळला, वास मारू लागला. "विषाला वाट मिळाली," कोटवाला म्हणाला. मी तो पाय पाहिला. मला तो आवडला नाही. तरी मी उठून माझ्या हौदांकडे गेलो.

चाळिसाव्या दिवशी दादाने सगळ्यांसमोर फुंकर मारली. पाणी लाल झालं, अगदी लालबुंद. लोकांनी त्याला उचलून घेतलं. तेव्हा त्याचं अंग तापलेलं होतं, हे उचलणाऱ्यांना कळलं असेल, पण टाळ्यांमध्ये कोण लक्ष देतो?

तीन दिवसांनी तो मशीनपाशी कोसळला.

हॉस्पिटलात नर्सने साखर मोजली आणि यंत्र बिघडलं असेल म्हणून दुसरं आणलं. दुसऱ्यानेही तोच आकडा दाखवला. डॉक्टर बाहेर आले. "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"चाळीस-बेचाळीस दिवस," वहिनी म्हणाल्या.

"कोणी सांगितलं बंद करायला?"

वहिनींनी माझ्याकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत म्हणाल्या, "आम्हीच केल्या." त्यांनी माझं नाव घेतलं असतं, चार माणसांत माझ्या तोंडात मारली असती, तर मी ते सोसलं असतं. त्यांनी मला झाकलं, ते सोसवेना. मी हळूच खिशाचा बिल्ला काढून मुठीत धरला. तोपर्यंत तो तिथेच होता.

दादा वाचला. उजव्या पायाची दोन बोटं गेली.

चार दिवसांनी मी कामावर गेलो. कँटीनमध्ये भांडी घासणाऱ्या काकू माझ्यापुढे चहा ठेवून तिथेच उभ्या राहिल्या. एरवी त्या कधी बोलत नाहीत.

"मास्तर, एक विचारू? हसू नका. तो कोटवाला जाताना नळ्या मोजून परत का नेतो?"

"कुठल्या नळ्या?"

"फुंकायच्या. उष्ट्या. ग्लास मला घासायला ठेवतो, पण नळ्या एकूण एक उचलतो. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, टाकते मी, तर अंगावर आला. परवा एक टेबलाखाली राहिली." त्यांनी पदराच्या गाठीतून नळी काढली. "मी धुवायला घेतली, तर खालचं टोक बुळबुळीत. तुमच्या सोड्याच्या पोत्याला ओला हात लावला की होतं ना, तसं."

मी नळी घेतली. वाकणारी मान तोंडाकडे येणार, म्हणजे पाण्यात कुठलं टोक जाणार हे ठरलेलंच. त्या टोकाच्या आत पांढरट पापुद्रा होता. मी माझ्या टेबलावर जाऊन पट्टी ओली केली आणि टेकवली. पट्टी गडद निळी झाली. धुण्याचा सोडा.

आणि आता ती राहिलेली गोष्ट. पहिल्या दिवशी धागे उकळून झाल्यावर उरलेलं जांभळं पाणी मी सिंकमध्ये ओतलं होतं. सिंकमध्ये सकाळचा सोडा सांडलेला होता, आणि ते पाणी माझ्या डोळ्यांसमोर हिरवं झालं होतं. डबक्यासारखं हिरवं. फळाचा जांभळा रंग म्हणजे आमची पट्टीच की! आंबटात लाल, सोड्यात हिरवा. मी ते पाहिलं होतं. क्षणभर कळलंही होतं. पण बाहेर लोक माझ्या निकालाची वाट बघत होते आणि मला बाकावर चढायचं होतं. मी नळ सोडला आणि सिंक धुऊन टाकलं.

बुधवारी कोटवाला नवीन तुकडीसाठी आला. दादाचं त्याला कळलं होतं. "आमच्याकडे येईपर्यंत फार उशीर झाला होता त्यांना," तो हळहळून सांगत होता. मी डॉक्टरीणबाईंना आणि काकूंना घेऊन आत गेलो.

"सर, आज आमच्या कँटीनच्या नळीने फुंकू या का?" मी म्हणालो.

"छे छे, आमच्या नळ्या निर्जंतुक असतात."

"मग तुमचीच द्या." मी त्याच्या उघड्या बॅगेतून दोन पाकिटं उचलली. एकावर निळी पट्टी, दुसऱ्यावर लाल. तो पुढे सरसावला, पण गोदामवाल्याने मध्ये पाय घातला. मी खिशातून रबरी फुगा काढला, दाबला की हवा सोडणारा. आम्ही त्याने धूळ उडवतो. निळ्या पाकिटातली नळी त्याला लावून जांभळ्या पाण्यात बुडवली आणि दाबत राहिलो. ना श्वास, ना पोट, ना यकृत. पाणी निळं झालं, मग हिरवं.

"या फुग्याला फॅटी लिव्हर आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

मी लाल पाकिटातली नळी लावली. दोनदा दाबलं. पाणी लाल.

"आणि आता बरंही झालं," तोच आवाज म्हणाला. कोणी हसलं नाही.

"निळ्या पाकिटातल्या नळ्यांत सोडा वाळवलाय, लाल पाकिटातल्यांत लिंबाचं फूल, म्हणजे आंबट आम्ल," मी सांगितलं. "नव्या माणसाला निळी द्यायची, पैसे भरलेल्याला लाल. तुम्ही चाळीस दिवस विष पीत राहिला असता तरी शेवटी लालच झालं असतं."

कोटवाला घाबरला असेल असं तुम्हाला वाटेल. तो फक्त माझ्याकडे वळला आणि शांतपणे म्हणाला, "पण रंगमास्तर, या लोकांना खात्री तुम्हीच दिली होती. मी कुठे म्हटलं होतं तपासा?"

सत्तर डोकी माझ्याकडे वळली. त्यात धुलाईवरची बाई होती, तिने माझ्या शब्दावर आईची रक्तदाबाची गोळी थांबवली होती, हे मला मागाहून कळलं. मला काखा वर करता आल्या असत्या, मलाही फसवलं म्हणून. पण मी सिंकची गोष्ट सांगितली. पहिल्यापासून, सगळी. मान वर करायची छाती झाली नाही.

"आम्ही त्याच्यावर नाही, तुझ्यावर विश्वास ठेवला होता," गोदामवाला म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

कोटवाला बॅग उचलू लागला. डॉक्टरीणबाईंनी ती पाकिटं आधीच ताब्यात घेतली होती. "ही राहू देत. तक्रारीला जोडायचीत," त्या म्हणाल्या. मग लोकांकडे वळल्या. "आधी एक. ज्यांनी ज्यांनी गोळ्या बंद केल्यात, ते सगळे आत्ता माझ्यासोबत दवाखान्यात."

अकरा माणसं उठली. अकरा! मला तोवर फक्त दादाचंच ठाऊक होतं.

"म्हणजे ती फळं खोटी का बाई?" काकूंनी विचारलं.

"फळं कशाला खोटी? खा की! फळं, भाज्या, सालीसकट धान्य, कडधान्य, सगळं यकृताला चांगलंच. फळांतले रंग आणि फायबर मिळून आतड्यातल्या जिवाणूंवर काय करतात, त्याने यकृतातली चरबी कमी होते का, यावर अभ्यास चाललाय. काही ठिकाणी आशा दिसते. पण थोड्या माणसांवर, थोडे दिवस. कोणी प्रामाणिक माणूस त्याला अजून औषध म्हणत नाही. आणि यकृतातली चरबी फुंकून कळत नाही. कळली असती तर मी कशाला सोनोग्राफी करायला लावली असती? चाला आणि वजन उतरवा हे मी सांगितलं तेव्हा तुम्हाला कंटाळा आला. खरी गोष्ट पुष्कळदा कंटाळवाणीच असते."

कँटीन हळूहळू रिकामं झालं. काकूंनी दोन्ही ग्लास उचलले आणि घासायला नेले. साऱ्या कारखान्यात डोळे उघडे ठेवून बघितलं ते त्यांनी, आणि त्यांना कोणी बाकावर चढवलं नाही.

आता नवा कामगार आला की मी त्याला ते जांभळं पाणी, सोडा आणि लिंबाचं फूल दाखवतो. मुलं हसतात, टाळ्या वाजवतात. मग मी सांगतो: जे दाखवलं ते बघा, पण जे दाखवायचं टाळलं तेही मागा. नळी मागा, ग्लास मागा, आपल्या हाताने करून बघा. सांगणारा शहाणा आहे, एवढ्यावर सोडू नका. तो काय तपासून बोलतोय आणि कशाबद्दल नुसतं बोलतोय, हे विचारा. आणि तो शहाणा तुम्हीच असाल, तर फार जपा.

दादा आता बसून करायचं काम करतो, कापडाच्या घड्या मोजायचं. मला तो एका शब्दाने बोलला नाही. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा वहिनी ओट्याशी सात खणांचा डबा भरत होत्या. दादाने एक नवीन गोळी चिमटीत धरून माझ्यापुढे केली. डॉक्टरांनी बदलून दिली होती.

"ही जेवणाआधी की नंतर रे? तुला कळतं."

वहिनींचे हात थांबले.

"मला माहीत नाही दादा," मी म्हणालो. "फोन लावू. डॉक्टरांना विचारू."

वहिनींनी मान हलवली आणि सोमवारचा खण बंद केला.